एकाच साली काय काय बुडतं

खरीप आटोपत आला की अमरावती-अकोल्याच्या गावांत दोन आकड्यांची वाट बघणं सुरू होतं. एक अंतिम पैसेवारीचा, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजाचा. ती पन्नासच्या खाली आली तर दुष्काळी सवलतींचा रस्ता मोकळा होतो. दुसरा महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनाचा. पीकविम्याचे पैसे खात्यात येणार की नाही, ते त्यावर ठरतं. दोन्ही आकडे सरासरीचे. पावसाचा अंदाजसुद्धा सरासरीच्या टक्क्यांत सांगितला जातो आणि उत्पन्न वाढवण्याच्या घोषणाही सरासरी डोळ्यांपुढे ठेवूनच होतात. कोरडवाहू शेतीची अनिश्चितता जाणणारे फार तर एक पायरी पुढे जातात आणि उत्पादन साल-दरसाल किती वरखाली होतं ते तपासतात. माझं म्हणणं असं आहे की वऱ्हाडातलं शेतकऱ्याचं घर सरासरी कमी असल्यामुळे बसत नाही आणि नुसत्या चढउतारामुळेही बसत नाही. ज्या साली कपाशी गेली त्याच साली सोयाबीन गेलं, मजुरी गेली, उसने देणारा शेजारीही हात वर करून बसला, त्या साली ते बसतं.

या सोबत जाण्याचं माप संख्याशास्त्रात आहे. कॉलेजात ते कोव्हेरिअन्स म्हणून शिकवतात, मराठी परिभाषेत सहप्रचरण. सूत्र फळ्यावर येतं, एक उदाहरण सुटतं आणि वर्ग लगेच सहसंबंध गुणांकाकडे वळतो. ज्या मुलांच्या घरचा सगळा हिशोब याच राशीवर उभा आहे, त्यांच्यापुढून ती अशी घाईने सरकते, याची मला खंत वाटते.

रीत अवघड नाही. दोन गोष्टी घ्यायच्या. प्रत्येक साली त्या आपापल्या सरासरीच्या किती वर किंवा खाली होत्या ते मांडायचं, त्या दोन फरकांचा गुणाकार करायचा आणि सगळ्या सालांच्या गुणाकारांची सरासरी काढायची. दोन्ही एकदम वर किंवा एकदम खाली असल्या तर गुणाकार अधिक येतो, एक वर आणि दुसरी खाली असली तर उणे. शेवटी मोठी अधिक संख्या हाती आली, तर त्या दोन गोष्टी बहुतेक सोबत चढतात आणि सोबत पडतात. उणे आली, तर एक पडली तेव्हा दुसरीने बहुधा सावरून धरलं आहे.

हिशोबापुरते आकडे घेऊ. दोन एकरांचं कोरडवाहू वावर आहे. एका एकरात कपाशी. खर्च वजा जाता पाच सालांत हाती आले अनुक्रमे ३०, १४, २६, १० आणि ३० हजार रुपये, सरासरी २२. दुसऱ्या एकरात सोयाबीन. त्याचे २८, १४, २४, १० आणि २४ हजार, सरासरी २०. कपाशीचे सरासरीपासूनचे फरक ८, उणे ८, ४, उणे १२ आणि ८. सोयाबीनचे ८, उणे ६, ४, उणे १० आणि ४. जोडीजोडीने गुणलं तर ६४, ४८, १६, १२० आणि ३२. बेरीज २८०, पाचाने भागल्यावर सहप्रचरण ५६. (नमुन्यावरून अंदाज बांधताना पाचाऐवजी चाराने भागतात, पण त्याने इथला मुद्दा बदलत नाही.) चौथ्या सालाकडे बघा. एकट्या त्या सालाने बेरजेत १२० टाकले आहेत. दोन्ही पिकं एकदम खोल गेली, म्हणून.

आता दुसऱ्या एकरातून सोयाबीन काढून तूर धरू. तुरीला मुद्दाम तेच पाच आकडे देऊ, फक्त त्यांची सालं बदलू: २८, २४, १०, २४ आणि १४. सरासरी तीच २०, चढउतारही तितकाच. गुणाकार आता ६४, उणे ३२, उणे ४०, उणे ४८ आणि उणे ४८. बेरीज उणे १०४, सहप्रचरण उणे २०.८. दोन्ही एकर मिळून घरात काय येतं ते बघा. कपाशी-सोयाबीनच्या घरात ५८, २८, ५०, २०, ५४. कपाशी-तुरीच्या घरात ५८, ३८, ३६, ३४, ४४. दोन्ही घरांची सरासरी ४२ हजारच आणि दोन्हीकडे सगळ्यात चांगलं साल ५८ हजारांचं. पण वाईट साल पहिल्या घरात २० हजारांचं आहे आणि दुसऱ्या घरात ३४ हजारांचं. चौदा हजारांचा हा फरक कुठल्याही एका पिकाच्या रकान्यात दिसत नाही. तो पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याच्या मधल्या नात्यात आहे.

प्रत्यक्षात तूर कपाशीच्या इतकी उलट चालत नाही, पाऊस दोघींवर एकच पडतो. पण तुरीचं मूळ खोल जातं, तिचा फुलोरा उशिरा येतो आणि ती काढणीला येईपर्यंत डिसेंबर-जानेवारी उजाडतो. सोयाबीन ऐन सोंगणीत परतीच्या पावसात सापडलं तरी तुरीला तीच ओल पुढे उपयोगी पडते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कपाशी, ज्वारी, तूर आणि पुन्हा ज्वारी अशा सहा, एक, दोन, एक ओळींची शिफारस केली, तिच्यामागचं तर्कशास्त्र याच जातीचं आहे. जुन्या कास्तकारांनी पराटीत तुरीची तासं टाकली, तेव्हा त्यांना सूत्र माहीत नव्हतं. सगळं एकदम जाऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं माहीत होतं. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने ज्वारी, मूग, उडीद मागे सारले. एकरी हिशोबात ते पटण्यासारखं होतं आणि त्यासाठी मी कुणाला दोष देणार नाही. पण बदल मोजला तो एकेका पिकाच्या सरासरीने. ज्वारीबरोबर जे उणे किंवा शून्याजवळचं सहप्रचरण वावरातून गेलं, त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात झाली नाही.

शिकवताना सहसंबंध गुणांकाची घाई का होते, तेही समजण्यासारखं आहे. सहप्रचरण एककांवर हलतं. एका पिकाचं उत्पादन क्विंटलऐवजी किलोत मांडलं की तेच उत्तर शंभरपट होतं. म्हणून त्याला दोन्ही राशींच्या प्रमाण विचलनांनी, म्हणजे त्यांच्या चढउताराच्या मापांनी, भागतात आणि उणे एक ते एक यांच्या दरम्यान बसणारा गुणांक मिळतो. तुलनेला तो सोयीचा. पण घराच्या हिशोबाला मला सहप्रचरणच अधिक खरं वाटतं. बांधावरच्या चार तुरी कपाशीच्या अगदी उलट चालल्या तर सहसंबंध उणे एकजवळ दिसेल, घराला मात्र त्यांचा आधार होणार नाही. सहप्रचरण रुपयांच्या वर्गात मोजलेलं असतं, त्यामुळे नात्याची दिशा आणि त्याचं वजन दोन्ही त्यात येतात.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगितली पाहिजे, कारण वऱ्हाडातला पाऊस नेमका याच खड्ड्यात पाडतो. सहप्रचरण शून्य आलं म्हणजे संबंध नाही, असं नसतं. समजा पाऊस सरासरीपेक्षा २०० मिलिमीटर कमी, १०० कमी, बरोबर सरासरीइतका, १०० जास्त आणि २०० जास्त अशी पाच सालं आहेत आणि कपाशी एकरी ३, ६, ७, ६ आणि ३ क्विंटल आली. गुणाकार करून बघा, बेरीज बरोबर शून्य येते. पावसाने पीक दोन्ही बाजूंनी मारलं आहे आणि माप सांगतं आहे की दोघांचा काही संबंध नाही. सहप्रचरण सरळ रेषेतलं नातं ओळखतं, कमानीसारखं वळलेलं ओळखत नाही. भारी काळ्या जमिनीत झड लागून पाणी साचलं की पराटी पिवळी पडते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कार्यालयात बसून पाऊस आणि उत्पादनाचे दोन रकाने जुळवणाऱ्याला सांगावं लागतं.

दोन पिकांवरून आता गावावर येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. एका राशीच्या प्रमाण विचलनाचा वर्ग म्हणजे तिचं प्रचरण. दोन राशींच्या बेरजेचं प्रचरण म्हणजे दोघींची प्रचरणं, अधिक त्यांच्या सहप्रचरणाची दुप्पट. शंभर घरांच्या मिळकतीची बेरीज केली तर त्या हिशोबात प्रचरणाची पदं शंभर आणि सहप्रचरणाची ९,९०० येतात. म्हणजे माणसं जितकी अधिक जोडावी तितका एकेकाचा चढउतार बिनमहत्त्वाचा ठरतो आणि सगळं सहप्रचरणाच्या हाती जातं. शंभर घरांचे चढउतार सारखे पण एकमेकांशी असंबद्ध असतील, तर त्यांच्या सरासरी मिळकतीचं प्रमाण विचलन एका घराच्या एक दशांशावर येतं. पण प्रत्येक जोडीतला सहसंबंध अर्धा असेल, तर ते सत्तर टक्क्यांच्या आसपासच अडतं. मग शंभराऐवजी हजार घरं जोडली तरी फारसा फरक पडत नाही.

गाव एकेका घराला कितपत सावरतं, हा प्रश्न अकोला जिल्ह्यातल्याच एका गावावर तपासला गेला आहे. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून देशाच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या सहा गावांमधल्या कुटुंबांची मिळकत, खर्च, पीकपाणी, मजुरी यांची बारकाईने नोंद ठेवली. त्यातली कानझरा आणि किनखेडा ही दोन गावं अकोला जिल्ह्यातली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये कानझऱ्यासह तीन गावांच्या या नोंदींवरून एक प्रश्न विचारला: एखाद्या घराचं खाणंपिणं त्या घराच्या मिळकतीसोबत वरखाली होतं, की गावाच्या सरासरी खर्चासोबत? उत्तर पुष्कळांना अनपेक्षित होतं. घराचा खर्च गावासोबत चालत होता आणि त्या साली घरावर एकट्यावर आलेल्या आजारपणाचा किंवा तुटीचा त्यावर तुलनेने थोडा परिणाम दिसत होता. उसनवार, उधारी, साठवलेलं धान्य, विकलेलं जनावर, भाऊबंदांचा हात अशा अनेक वाटांनी गाव एकेकाला सावरत होतं. हे सावरणं पूर्ण नव्हतं. टाउनसेंड यांच्याच कसोटीत पूर्ण विम्याचं गृहीतक टिकलं नाही, आणि एका गावात भूमिहीनांना इतरांपेक्षा कमी आधार असल्याचं दिसलं. रॅव्हॅलियन आणि चौधुरी यांनी १९९७ मध्ये खर्च मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन घरच्या मिळकतीचा परिणाम मूळ अभ्यासात दिसला त्याहून मोठा असल्याचं दाखवलं. तो वाद महत्त्वाचा आहे. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत आहे: गाव एकेकाला सावरू शकतं, स्वतःला सावरू शकत नाही. संकट सगळ्यांवर एकदम आलं तर उसनं मागायचं कुणाकडे?

याच इक्रिसॅटच्या नोंदींवर मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. ज्या घरांची शेतीची मिळकत अधिक बेभरवशाची, ती घरं लेकीबाळींची सोयरीक लांबच्या गावात जुळवण्याकडे अधिक झुकतात आणि अशा सोयरिकींमुळे खाण्यापिण्यातले चढउतार कमी होतात. लांबच्या गावचा पाऊस वेगळा असतो, म्हणून सासरचं आणि माहेरचं एकाच साली बुडत नाही. लग्नाकडे एवढ्याच नजरेने बघणं मला पटत नाही, लेक देताना आई-बाप आणखी शंभर गोष्टी बघतात. पण सोयरे पंचक्रोशीबाहेर असण्याचं हे मोल खोटं नाही. आज तेच काम पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा करतो. त्याचा पगार थोडा असेल, खोलीभाडं आणि मेस वजा जाता हाती फार उरतही नसेल. तरी त्या पगाराचं मुर्तिजापूरच्या पावसाशी सहप्रचरण शून्याजवळ आहे, आणि घर त्याला धरून असतं ते त्यासाठी.

याच कसोटीवर 'जोडधंदा करा' हा नेहमीचा सल्ला तपासून बघावा. दुधाचा धंदा जोडला, पण कडबा आणि कुटार आपल्याच वावरातलं. पीक गेलं की चारा विकत घ्यावा लागतो, तेव्हा चाऱ्याचा भाव चढलेला असतो आणि सगळेच जनावरं विकायला काढतात म्हणून बाजारात जनावराचा भाव पडलेला असतो. गावात कृषी केंद्र टाकलं तर उधारी त्याच साली थकते. ट्रॅक्टर भाड्याने दिला तर मागणी त्याच साली आटते. दर्यापूर किंवा अकोटच्या बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाचा गल्लासुद्धा कपाशीच्या वेचणीवरच चालतो. हे धंदे करू नयेत असं मी म्हणत नाही. पण ते मिळकत वाढवतात आणि धोका जवळपास जिथल्या तिथे ठेवतात. सल्ला देणाऱ्याने हे दोन्ही सांगायला हवं.

आणि सहप्रचरण दर वेळी आभाळातूनच येतं असंही नाही. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ सगळं रान त्या संकरित वाणांखाली गेलं. एकेका वावराचं अळीपासूनचं नुकसान सुरुवातीला कमी झालं. पण एकच तंत्र सगळीकडे पोचलं, म्हणजे एकच कमकुवत जागाही सगळीकडे पोचली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात बोंडं पोखरली तेव्हा आमच्याकडे दुसरं वाण आहे म्हणून वाचलो, असं म्हणणारं घर शोधावं लागलं असतं. एकेकाचं प्रचरण कमी करताना सगळ्यांचं सहप्रचरण वाढवून ठेवणारी ही अदलाबदल होती. तिची किंमत पंधरा वर्षांनी वसूल झाली.

आता विम्याकडे येऊ. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये पीकविम्यावर जे लिहिलं, ते या सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे. त्यांचं शिक्षण संख्याशास्त्रातलं होतं आणि ते त्या मांडणीत जागोजागी दिसतं. लाखो छोट्या शेतकऱ्यांच्या वावराचं नुकसान एकेक करून मोजणं अशक्य आहे, त्यात वाद आणि गैरव्यवहाराला जागा राहते, म्हणून एकसारख्या शेतीचा एक टापू धरावा आणि त्या टापूचं सरासरी उत्पादन पडलं की तिथल्या सगळ्या विमाधारकांना एका प्रमाणात भरपाई द्यावी, अशी त्यांची मांडणी. तिच्या आधारावर १९७९ मध्ये पथदर्शी योजना आली, १९८५ मध्ये देशभरची सर्वंकष पीकविमा योजना आली आणि २०१६ पासून चाललेली प्रधानमंत्री पीकविमा योजनाही मुळात त्याच पायावर उभी आहे. टापूचं उत्पादन मोजायचं पीक कापणी प्रयोगांनी. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या वावरात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं. ही रीत या देशात रुजवण्यात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे.

दांडेकरांच्या मांडणीत सगळा भार 'एकसारख्या' या अटीवर आहे. ती अट सहप्रचरणाची आहे. माझ्या वावराचं आणि मंडळाच्या सरासरीचं सहप्रचरण काढून त्याला मंडळाच्या प्रचरणाने भागलं, तर मंडळ एका क्विंटलने पडतं तेव्हा माझं वावर साधारण किती पडतं ते कळतं. तो आकडा एकच्या आसपास असेल आणि माझे बिंदू त्या रेषेला धरून असतील, तर टापूचा विमा हा माझा विमा आहे. तो शून्याजवळ असेल, तर मी हप्ता भरून दुसऱ्याच्या वावराची सोडत घेतो आहे. अशा माणसाला विम्याने स्थैर्य येत नाही, उलट चढउतारात भर पडते. त्याचं पीक गेलं तेव्हा मंडळाची सरासरी भरपाईच्या उंबरठ्याच्या वर राहिली आणि भरपाई नाही. मंडळ पडलं तेव्हा त्याचं पीक बरं होतं आणि भरपाई मिळाली.

आणि इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. गावातल्या वावरांचं आपसातलं सहप्रचरण कमी असेल तर शेजारी एकमेकांना सावरू शकतात, तिथे टापूचा विमा निकामी. ते जास्त असेल तर शेजारी निकामी, आणि टापूचा विमा चोख. दोन व्यवस्था एकमेकींच्या नेमक्या उलट जागी काम करतात. तेव्हा विमा चांगला की वाईट, हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही. कुठल्या गावाला काय लागू पडेल, ते त्या गावाचं सहप्रचरण सांगेल. जिथे ते मधल्या मापाचं आहे तिथे दोन्ही लागतील: मंडळाच्या घसरणीसाठी विमा, आणि एकेका वावराच्या आपत्तीसाठी गावाच्या पातळीवरचा निधी किंवा स्वतंत्र पंचनामा.

महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा देणारी योजना बंद झाली, शेतकऱ्याच्या हिश्शाचा हप्ता परत आला आणि स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल स्थिती, काढणीनंतरचं नुकसान ही संरक्षणं काढून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली गेली. बोगस अर्जांचा प्रश्न खरा होता, तो नाकारण्याचं कारण नाही. पण या बदलाने सगळा बोजा मंडळाच्या एकसारखेपणावर टाकला. महसूल मंडळाच्या हद्दी आखल्या गेल्या त्या महसुली कामाच्या सोयीने, जमिनीच्या जातीने नाही. अकोट आणि तेल्हारा तालुक्यांचं उत्तर टोक सातपुड्याच्या पायथ्याला भिडतं आणि दक्षिणेला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा लागतो. पायथ्याकडे विहीर-बोअरच्या गोड पाण्यावर ओलीत होतं, केळी-संत्रा उभा राहतो. खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं, विहीर खणून उपयोग नाही, भारी काळ्या मातीत पडलेल्या पावसावर सगळं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघाड पडली तर एका टोकाची पराटी माना टाकते आणि दुसऱ्या टोकाला ठिबक सुरू असतं. या दोन प्रकारची वावरं ज्या मंडळात एकत्र मोजली जातील, तिथे सरासरी निघेल, पण ती दोघांपैकी कुणाचीच नसेल. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत बसली आहेत, कापणी प्रयोगांच्या तुकड्यांची वजनं दर हंगामात नोंदली जातात. मंडळाची फक्त सरासरी जाहीर न करता प्रत्येक तुकड्याचं वजन जाहीर करावं, आणि जी मंडळं आतून एकसारखी नाहीत ती विम्यापुरती जमिनीच्या जातीने फोडावीत. अशी मंडळं शोधण्याचं काम अमरावती विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातल्या प्रकल्पात करता येण्यासारखं आहे.

भावाचं आणि उत्पादनाचं नातंही याच मापात बसवलं पाहिजे. एखाद्या मालाचा भाव त्याच मुलखातल्या पिकावर ठरत असेल, तर पीक पडलं की भाव चढतो. सहप्रचरण उणे, आणि शेतकऱ्याची मिळकत थोडी सावरते. वऱ्हाडच्या कापसाला हा आधार फार पूर्वीच संपला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस अडला, म्हणून इथला भाव चढला, आणि युद्ध सरल्यावर उतरला. त्याचा अमरावती-खामगावच्या पावसाशी संबंध नव्हता. आजही कापसाचा भाव जगाच्या बाजारात बनतो आणि सोयाबीनचा भाव बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर हलतो. अकोल्यात पीक गेलं म्हणून कुणी भाव वाढवून देत नाही. तुरीचं तसं नाही, तूर मुख्यतः आपल्याच देशात पिकते आणि खपते. २०१५ च्या दुष्काळानंतर तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. पुढच्या हंगामात तूर भरघोस आली आणि भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. हे उणे सहप्रचरण दोन्ही बाजूंनी चाललं असतं तर तूर उत्पादकाला नैसर्गिक विमा होता. पण भाव चढला की सरकार आयातीचा दरवाजा उघडतं. २०१६ मध्ये मोझांबिकशी तुरीचा करार झाला तो त्यासाठीच. भाव पडला की मात्र खरेदी केंद्रांसमोर रांगा आणि बारदान्याची टंचाई. गिऱ्हाइकाला महागाईपासून वाचवणं सरकारचं काम आहे, हे मान्य. तसं करताना शेतकऱ्याच्या वाईट सालातला एकुलता एक टेकू काढून घेतला जातो, हेही मान्य करायला हवं आणि त्याची भरपाई हमीभावाच्या खात्रीच्या खरेदीने व्हायला हवी.

या सगळ्या चर्चेत सातबारा नसलेला माणूस कुठेच नाही. मजुराच्या मिळकतीचं मंडळाच्या पिकाशी असलेलं सहप्रचरण कास्तकारापेक्षा कमी नाही. बोंडं फुटली नाहीत तर वेचणी नाही, वेचणी नाही तर किलोमागे मिळणारी मजुरी नाही, जिनिंगमध्ये हमाली नाही. ज्याचं पीक बुडालं त्याला निदान विम्याचा अर्ज करता येतो, ज्याची वेचणी बुडाली त्याच्यासाठी अर्जाचा नमुनाही नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राने एक गोष्ट केली होती आणि ती पुढे देशाने उचलली. १९७२ च्या दुष्काळातून वर आलेली, वि. स. पागे यांच्या विचारातून घडलेली रोजगार हमी योजना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिची ताकद मजुरीच्या दरात नव्हती. शेतातलं काम आटेल त्याच साली, त्याच महिन्यात तिच्यावरचं काम वाढायचं. उणे सहप्रचरण तिच्या रचनेतच होतं. मागेल त्याला काम या तीन शब्दांनी ते साधलं.

म्हणून मदतीचा हिशोब किती कोटींनी करायचा, याआधी ती कुठल्या साली हातात पडते ते बघावं लागतं. वरच्या उदाहरणातलं कपाशी-सोयाबीनचं घर पुन्हा घ्या. चौथ्या साली त्याच्या हाती २० हजार आले. त्याच साली १४ हजारांची भरपाई मिळाली तर ते ३४ वर येतं, तुरीच्या घराच्या बरोबरीने. तीच रक्कम पंचनामे, त्रुटी, आक्षेप, राज्य आणि केंद्राच्या हिश्शाची वाट बघत पाचव्या साली पोचली, तर ५४ चे ६८ होतात आणि २० चे २० च राहतात. पैसे तेवढेच खर्च झाले, घराची पाच सालांची सरासरीही तेवढीच वाढली, आणि चढउतार होता त्याहून मोठा झाला. मधल्या काळात सावकाराचं व्याज चढलं, बैलजोडी विकली गेली, कुणाचं शिक्षण थांबलं. पाचव्या सालच्या पैशाने यातलं काहीच परत येत नाही. भरपाई उशिरा दिली तर व्याज द्यावं, अशी तरतूद योजनेत आहे. पण हे नुकसान व्याजाच्या टक्क्यांत बसणारं नाही. कापणी प्रयोगाचं शेवटचं वजन नोंदवलं गेल्यापासून किती दिवसांत पैसे खात्यात जमा झाले, हा आकडा प्रत्येक मंडळासाठी, प्रत्येक हंगामात, भरपाईच्या रकमेशेजारी छापला गेला पाहिजे.